भोवऱ्याचा भाव

९ नोव्हेंबर १९८६

मला कागद म्हणजे पत्रं लिहायचीच सवय. वही कधी लिहिली नाही. म्हणून कागदासारखीच सुरुवात करतो. ज्याची त्याची खुशाली विचारतो आणि उत्तरही मीच देतो, दुसरं कोण देणार.

कुसुम, तुझे डोळे कसे आहेत? तसेच. काल दारातून ऊन आत आलं होतं, ते माझं धोतर समजून घडी घालायला वाकली. मग आपणच हसली. गुडघ्या, तू कसा? श्रावणात नाल्यात घसरलो तेव्हापासून तू माझा राहिला नाहीस, रिकिबीत पाय टाकला की डोळ्यापुढे काजवे. अनंता, तू बेल्लमपल्लीत बरा आहेस ना? खाणीच्या हापिसात हजेरी लिहिणारा तू, खोकला असला तरी सांगणार नाहीस. सूनबाई सरोजिनी, तुझी कंबर? गाई, तू गाभण, तुला वेगळं काय विचारू. आणि सगुणा, तू?

सगुणा आमची घोडी. तिला काय धाड भरली आहे. तिला विकायचं ठरलं हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

दिवाळीला अनंता सांगून गेला की आईचा मोतीबिंदू पिकला, खाणीच्या दवाखान्यात थंडीतच कापून घेऊ, तुम्ही दोघंही इकडंच या. उशीर झाला तर उजवा डोळा हातचा जाईल असं डॉक्टर म्हणाला. शेत बटईनं दिलं, गाय शेजारच्या माणिकरावाकडे जाईल. घोडीचं काय करायचं? माणिकराव म्हणतो माझ्याकडं बांध. त्याच्याकडं बांधली तर आठ दिवसांत ती छकड्याला जुंपलेली दिसेल. चांगल्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय मी बेल्लमपल्लीला जायला वांकिडीच्या मोटारीत पाय ठेवणार नाही. कुसुमला तसं सांगितलं. ती म्हणाली, "लवकर पाहा मंग."

१४ नोव्हेंबर

पहिलं गिऱ्हाईक. राजुऱ्याकडचा बँडवाला, लग्नसराईसाठी घोडी पाहिजे म्हणे. आला तो घोडीच्या मानेवर हात नाही, नाव विचारणं नाही, थेट तिच्या तोंडात अंगठा. दात पाहिले, शेपूट उचलली, आणि मला विचारतो, "चाचा, नाचती क्या?"

"चालते," मी म्हटलं.

"चलती तो सब है. नाचती क्या?"

"नाई नाचत."

"सिखा देंगे." एवढं त्यानं म्हटलं आणि सोबत आणलेल्या गड्यानं हातातल्या बारीक काठीनं तिच्या पुढच्या गुडघ्यांवर टकटक केलं. मी काठी धरली आणि दोघांना वाटेला लावलं. जाताना बँडवाला म्हणतो, "इतना गुस्सा है तो बेचते कायको?"

याला काय सांगावं. विकायची आहे म्हणूनच तर राग येतो. विकायची नसती तर याला चहा पाजला असता.

२३ नोव्हेंबर

आज मोठं गिऱ्हाईक होतं, आणि आज जो अपमान झाला तो मी मेलो तरी विसरणार नाही.

आसिफाबादचे सुधाकरराव, ठेकेदार. जीपगाडीतून आले. शेतावर फिरायला घोडी हवी. संगे एक पांढऱ्या टोपीचा जाणकार आणला होता. मी सगुणाला गावठाणावरून दौडवून आणायला माणिकरावाच्या पोराला बसवलं. तिची चाल अशी की पाठीवर तांब्या ठेवला तर पाणी हिंदकळत नाही. सुधाकरराव खूश. हात पुढे करणार तेवढ्यात जाणकाराचं बोट घोडीच्या डाव्या डोळ्याखाली थांबलं.

"आसूढाळ," तो म्हणाला.

डोळ्यातून आसू जिथून गळतो त्या वाटेवर केसांचा भोवरा असला की त्याला आसूढाळ म्हणतात. अशी घोडी घरच्या बाईला रडवते, असं जुनी माणसं बोलतात. सगुणाला तो भोवरा जन्मापासून आहे, चवलीएवढा. ज्याच्याकडून मी तिला घेतली त्यानं त्यापायीच भाव सोडला होता. तो त्याचा अडाणीपणा.

सुधाकरराव हसले. "मी असलं काई मानत नाई बाप्पा."

तेवढ्यात कुसुम चहा घेऊन आली. एक हात भिंतीवर, एका हातात ताट. बाक जिथं आहे असं तिला वाटलं तिथं तो नव्हता. ताट तिनं हवेत ठेवलं. चहा सुधाकररावांच्या बुटावर सांडला. जाणकारानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा घोडीकडे, मग मालकाकडे.

"बाईच्या डोयाले काय झालं?"

"मोतीबिंदू," मी म्हटलं. "म्हाताऱ्या मानसाले व्हते. तुमालेही व्हईन."

"मी मानत नाई," सुधाकरराव बूट झटकत म्हणाले, "पन आमच्या घरीही मंडळी हायेत."

गेले. दुसरा चहा करतो म्हटलं, तेवढंही ऐकलं नाही. जीपगाडीची धूळ बसायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळही मग थांबली नाहीत ती माणसं आमच्या दारात. कुसुम तिथंच उभी होती. म्हणाली, "घोडीले काऊन बोलले वो ते? ताट तर मी पाडलं."

२७ नोव्हेंबर

बाजारात बातमी माझ्या आधी पोचली. माणिकराव येऊन सांगतो, "उद्धवदादा, लोक मनून राह्यले तुमच्या घोडीनं बायको आंधळी केली."

मी म्हटलं, घोडी आली तेव्हा अनंताचं लग्नही झालं नव्हतं. त्यानंतर कुसुमनं किती पोती ज्वारी निवडली, किती सुया ओवल्या, सुनेच्या डोक्यातली ऊ कंदिलाच्या उजेडात पकडली. भोवऱ्याला एवढी वर्षं काय झोप लागली होती? आणि गावात ज्यांच्या घरी घोडी नाही त्या म्हाताऱ्यांना मोतीबिंदू काऊन होतो? हे कोणी विचारत नाही. विचारलं तर म्हणतात, उद्धवराव चिडले.

माणिकरावानं वरून अक्कल दिली. व्यापारी लोक कातरीनं भोवऱ्याचे केस बारीक करतात, वर थोडं तेल-काजळ चोळतात, काही दिसत नाही. मी त्याला म्हटलं, "मी का लबाड हावो काय? जे हाये ते हाये. लपवून विकनारा मी नोहो."

५ डिसेंबर

दादाजी आला होता. वीटभट्टीवाला. बसला, तंबाखू मागितली, मळली, आणि मोठ्या मायेनं बोलायला लागला.

"उद्धवराव, तुमचं भलं करतो. साडेसाती दाराशी बांधून ठेवली तुमी. मी सोडवून नेतो. फुकट. तुमाले एक छदाम मांगत नाई."

"मले मांगत नाई?" मी म्हटलं. "घोडी माही न मलेच छदाम मांगता?"

"आता नेणाऱ्या गड्याची मजुरी त द्याच लागन."

दारामागून कुसुम म्हणाली, "फुकट मंजे किती बोटं व्हतात वो दादाजी?" आमच्याकडं जनावराचा भाव पंच्याखाली हात घालून बोटं दाबून करतात, तोंडानं आकडा बोलत नाहीत. दादाजीनं तंबाखूवर थाप मारली आणि चिमूटभर माझ्या हातावर ठेवली. मग तो माझ्याकडे वळून हळू म्हणतो, "पाहा बाप्पा, तुमच्या बाईकडं पाहून दया आली म्हून बोललो. माह्या घरी बाईच नाई. मले काय व्हते."

विटा वाहायला पाहिजे होती त्याला. हे उपकार करणारे लोक पाहिले की मला बँडवाला देवमाणूस वाटतो. त्याची तंबाखू त्याच्या हातात परत दिली, म्हणजे माझीच तंबाखू, आणि फाटक उघडून धरलं.

६ डिसेंबर

झोपून उठल्यावर डोकं थंड झालं. विचार केला. माझ्या लक्षात आलं की कोणी नुसत्या घोडीला नाव ठेवत नाही. आधी घोडी पाहतात, मग कुसुम पाहतात, मग दोन्हीची बेरीज करतात. बेरीज होऊच दिली नाही तर?

कुसुमला म्हटलं, "गिऱ्हाईक आलं का तू आतल्या खोलीत बसत जाय. बाहेर येऊ नोको. घोडी गेली का तुहेच डोये व्हतीन. तुह्याच भल्याचं हाये."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. समजूतदार बाई आहे. संध्याकाळी सगुणाला भाकरीचा तुकडा द्यायला रोज ती जाते, आज गेली नाही. थंडी आहे म्हणून असेल. मी दिला तर सगुणानं हुंगला आणि खाल्ला नाही. जनावरंही आजकाल नखरे करायला लागली.

१६ डिसेंबर

रागात लिहितो आहे, अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

भैंशाहून भगवानराव आले होते. आजवरच्या गिऱ्हाइकांत हाच एक माणूस. आल्याबरोबर सगुणाच्या नाकाशी हात नेला, तिला हुंगू दिलं, मग मानेवर थोपटलं. भोवरा पाहिला. म्हणाले, "भोवरा त माह्याही डोक्यात हाये. दोन हायेत. माही माय मने दोन लग्नं व्हतीन. एकातच दमलो." मला हसू आलं. किती दिवसांनी हसलो. पंच्याखाली हात गेले, बोटं दाबली, सौदा मनासारखा ठरला. किती बोटं ते इथं लिहीत नाही, लिहिण्यासारखं आता काही राहिलं नाही.

ते उठले आणि म्हणाले, "बोलवा घरच्या बाईले."

ही गोष्ट माझ्या डोक्यातून पार निघून गेली होती. साऱ्या तालुक्याची रीत आहे. जनावर घरातून निघालं की घरची बाई त्याला कुंकू लावते, खुरांवर पाणी घालते, आपल्या हातानं भाकर देते. तसं केलं नाही तर ते जनावर उपाशी हाकलल्यासारखं होतं, नव्या घरी लागत नाही. माझ्या बापानं बैल विकला तेव्हा माझी माय तापात होती, तरी धरून आणली होती तिला.

मी म्हटलं, "ते बहिनीकडं गेली."

"कवा येईन?"

"सांगता येत नाई."

"मंग बसतो मी. घाई नाई." आणि ते ओट्यावर बसले.

मीही बसलो. कापसाच्या भावाचं बोललो, पाण्याचं बोललो. आत भांडं पडलं. भगवानरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"मांजर असंल," ते म्हणाले.

"हव, मांजर," मी म्हटलं.

थोड्या वेळानं बांगड्या वाजल्या. मांजर बांगड्या घालत नाही. भगवानराव उठले, पंचा झटकून खांद्यावर टाकला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं.

"भोवऱ्याचं मले भेव नाई, उद्धवराव. पन जो मानूस बायकोले लपवते, तो घोडीचं काय काय लपवत असंल."

गेले. मला लबाड म्हणून गेले. ज्यानं कातर लावू दिली नाही त्याला. ही गिऱ्हाइकं म्हणजे कशी जात आहे मला कळत नाही. आंधळी बायको दाखवली तरी पळतात आणि नाही दाखवली तरी पळतात.

१७ डिसेंबर

सकाळी उठून पाहतो तर कुसुम ओट्यावर येऊन बसलेली. पोतं अंथरून, रस्त्याकडे तोंड करून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

मी म्हटलं, "थंडी वाजंल. आत बस."

"आतच बसाचं असंल त डोये कापून का करू? भिंतच पाह्याची."

"अवं, गिऱ्हाईक आलं त?"

"त मले पाह्यतीन. मी का चोरून आनलेली हावो?"

रागावलो असं दाखवून गोठ्यात गेलो. खरं तर राग कोणावर करायचा ते सापडेना. तिच्यावर करावा तर ती बरोबर बोलत होती, म्हणून सगुणावर ओरडलो. तिनं कान मागं केले.

दुपारी वाढताना कुसुम म्हणाली, "आता जे गिऱ्हाईक येईन त्याच्यासंगं मी बोलीन. तुमी निरा चिडता."

मी चिडत नाही. मला अन्याय सहन होत नाही, त्याला चिडणं म्हणत नाहीत.

२८ डिसेंबर

गिऱ्हाईक आलं, बाई होती. रुक्माबाई, नदीपलीकडच्या गावची. गावोगाव बांगड्या विकते. तिचं तट्टू पोळ्याच्या सुमारास मेलं, तेव्हापासून पेटी डोक्यावर घेऊन फिरते. कपाळ मोकळं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली म्हणाली.

कुसुमनं आधीच सांगून टाकलं, "बाई, घोडीच्या डोयाखाली भोवरा हाये. न मले दिसत नाई. दोनी गोष्टी पाहून घ्या, मंग बोल लावू नोका."

रुक्माबाईनं पाहिल्या. म्हणाली, "बाईले रडवते मंतात ना? माह्या वाट्याचं रडनं झालं माय. आता हे का नवं काढंल?"

मग तिनं असं केलं जे आजवर कोणी केलं नव्हतं. दात पाहिले नाहीत. बांगड्यांची पेटी उचलून सगुणाच्या कानाशी खडखडा हलवली. सगुणानं एक कान फिरवला आणि पेटी हुंगली. "बस," रुक्माबाई म्हणाली. "बिचकली असती त माहा माल अर्ध्या वाटेत फुटला असता."

मला वाटलं, देव पावला. भोवऱ्याला न मानणारं माणूस शेवटी भेटलं. मी मोठ्या मनानं पंचा पुढे केला.

ती म्हणते कशी, "भोवऱ्याले मी मानत नाई दादा. पन भाव भोवऱ्याचाच देईन."

माझं डोकं फिरलं. "मानत नाई त पुरा भाव दे ना बाई. मानत असशीन त घेऊ नोको. हे दोन्ही तोंडानं खानं काहाचं?"

"मी नाई मानत, बजार मानते. उद्या मलेही विकाची येळ आली त मले पुरा भाव कोन देईन? तुमी देसान?"

"अशी लबाडी मी उभ्या जन्मात..."

"यांयनंही तसीच घेतली व्हती," कुसुम मधेच म्हणाली. "मले चांगलं ध्यानात हाये. भोवरा दाखून दाखून भाव पाडला, न घरी येऊन मले मने मी कुटं मानतो."

रुक्माबाई तोंडाला पदर लावून हसली. कुसुमही हसली. आपल्या घरच्या माणसानं परक्यापुढे असं बोलावं याला मी काय म्हणू. मी पंचा गोळा केला आणि खांबाला टेकून बसलो.

त्या दोघींनी पदराखाली हात घातले. बराच वेळ. कुसुमचा चेहरा तेव्हा असा झाला होता जसा सोंगट्या खेळताना व्हायचा. मग दोघींनी हात काढले. किती बोटं ते मला कोणी विचारलं नाही आणि सांगितलंही नाही. वर रुक्माबाईनं पेटी उघडून कुसुमच्या हातात डझनभर हिरव्या बांगड्या चढवल्या.

"खरंच हिरव्याच हायेत ना?" कुसुमनं मला विचारलं.

"हिरव्याच हायेत," मी म्हटलं. बाई मुलखाची चिवट, पण बांगड्या हिरव्याच होत्या.

२९ डिसेंबर

सगुणा गेली.

कुसुमनं ताट आपण तयार केलं. खुरांवर पाणी घातलं, चारीवर, हातानं चाचपून. कुंकवाचं बोट घेऊन सगुणाचं तोंड धरलं. बोट कपाळाकडे जाताना आधी डोळ्याखालच्या त्या भोवऱ्यावर पोचलं आणि तिथं थांबलं. मला वाटलं चुकली, हात वर सरकवायला गेलो. तिनं माझा हात बाजूला केला आणि तिथंही कुंकू लावलं. मग कपाळाला. मग भाकर दिली. कुसुमच्या हातून सगुणानं ती खाल्ली.

रुक्माबाई तिला हाकत नव्हती, तिच्या बाजूनं चालत होती. वळणापर्यंत मी पाहिलं. कुसुमनं विचारलं, "गेली काय?" मी म्हटलं, "अजून दिसते." पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं. तोवर वळण रिकामं झालं होतं.

६ मार्च १९८७, बेल्लमपल्ली

मध्ये काही लिहिलं नाही. क्वार्टरात दोन खोल्या आणि सतरा माणसांचं येणं-जाणं, वही लपवायला जागा नाही. आज रुक्माबाईला कागद लिहिला. पोस्टात टाकण्याआधी इथं उतरवून ठेवतो, कारण ती हिशेबी बाई आहे, उद्या म्हणेल असं लिहिलंच नव्हतं.

रुक्माबाईस उद्धवरावाचा रामराम. तुमची तब्येत कशी आहे, तुमच्या गावच्या मंडळींची कशी आहे. सगुणाची सविस्तर लिहावी. उन्हाळा लागला, दुपारी तिला बाजारात उभी ठेवू नये. उतारावर पेटी मागं सरकते, आडवा पट्टा बांधावा. तुम्हाला हे माहीत असेल, तरी लिहितो. तुम्ही भाव पाडला ती गोष्ट मी अजून विसरलेलो नाही, हे पण लिहितो.

कुसुमचा उजवा डोळा कापला. पट्टी बरेच दिवस होती, आता जाड भिंगाचा चष्मा मिळाला. पहिल्यांदा लावला तेव्हा हातातल्या बांगड्या तोंडाशी नेऊन पाहिल्या आणि म्हणाली हिरव्याच आहेत, बाई खोटी नाही. सध्या घरात कोणाचं काही फाटलेलं नसलं तरी शिवते.

पुढचं तिनं सांगितलं तसंच लिहितो, माझं एक अक्षर नाही. "रुक्माबाई, कोन्या बजारात कोन्या मानसानं माह्या घोडीच्या भोवऱ्याचं नाव काढलं, त त्याले सांगजा का जिच्यापायी लोक हे बोलत व्हते ते बाई आता सुईत दोरा ओवते. खोटं वाटत असंल त बेल्लमपल्लीले या मना. मी बाहेरच बसून राह्यते."

तुमच्या गावच्या पोस्टमास्तराकडून का होईना, दोन ओळी लवकर लिहून पाठवा. वाट पाहतो.